बागेची वेळ, आजाऱ्याची वेळ

२३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता. २९ डिसेंबर २०१८च्या पहाटे तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. धडधाकट माणसाला हे आकडे पानठेल्यावरच्या गप्पांपुरते. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र ही दोन्ही टोकं अंगावर काढावी लागतात. त्याच्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून ताठ होतं, पेशी विळ्याच्या आकाराची होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. अंगातलं पाणी आटलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि चिकटणं वाढतं, म्हणून ऊन वाईट. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून थंडीही वाईट. दमछाक वाईट, ताप वाईट. कुठल्याही निमित्ताने दुखणं उठतं आणि हातपाय, कंबर, छाती यांतल्या कळांनी माणसाला दवाखान्यात भरती व्हावं लागतं. अशा माणसाला ‘जरा मोकळ्या हवेत फिरत जा’ असं सांगणारे नातेवाईक, शेजारी आणि क्वचित डॉक्टरही पुष्कळ भेटतात. सल्ला चुकीचा नाही. पण तो कोणत्या बागेत, किती वाजता आणि कशाच्या आधाराने पाळायचा, हे कुणी सांगत नाही. दीर्घ आजार असलेल्या माणसाला निसर्गाचा लाभ मिळतो की नाही, हे शहरात झाडं किती आहेत यावर कमी ठरतं. बागेच्या फाटकाची वेळ, बाकाची पाठ, पाण्याचा नळ आणि संडास यांवर जास्त ठरतं.

हे तपासून पाहायला नागपूरइतकं योग्य शहर नाही. एक तर हे शहर हिरवं म्हणवतं आणि बऱ्याच अंशी ते आहेही. दुसरं, सिकलसेलच्या भारतीय इतिहासात नागपूरचं नाव अगदी सुरुवातीपासून आहे. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदला गेला, आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. विदर्भातल्या अनुसूचित जाती, आदिवासी आणि काही इतर मागास समाजांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. या रुग्णांसाठी झटलेले नागपूरचे संपत रामटेके यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. तिचा भर तपासणी, समुपदेशन आणि औषधांवर आहे, आणि तो तसाच असायला हवा. पण हा आजार जन्मापासून सोबत असतो. दोन दुखण्यांच्या मधले जे बरे दिवस असतात, ते रुग्णाने कुठे आणि कसे घालवायचे, याचा विचार कुठल्याच मोहिमेत नसतो. मधुमेह, दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस यांच्या रुग्णांचंही तेच. इथे सिकलसेल मुख्य उदाहरण म्हणून घेतला आहे, कारण हवामानाशी त्याचं नातं इतकं थेट आहे की बाकीच्या आजारांत जे अंधुक दिसतं ते इथे लख्ख दिसतं.

निसर्गाने खरंच काही फरक पडतो का, हे आधी पाहू. या विषयावर सगळ्यात जास्त वेळा सांगितला जाणारा अभ्यास रॉजर उलरिच यांचा, १९८४ साली ‘सायन्स’मध्ये आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची कागदपत्रं त्यांनी तपासली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हा अभ्यास इतका गोड आहे की तो सांगताना लोक त्याचा आकार विसरतात. ४६ माणसं, एक शस्त्रक्रिया, काही दिवसांचा मुक्काम. यावरून आयुष्यभराच्या आजाराबद्दल फार काही सांगता येत नाही. त्याहून उपयोगाचा अभ्यास २०१९चा आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीतून मॅथ्यू व्हाइट आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की आठवड्यातून किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. ही १२० मिनिटं एकाच दमात असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडत नव्हता. त्यात घाम गाळण्याचीही अट नव्हती.

यावर रास्त शंका अशी की जो बरा आहे तोच बाहेर पडतो. बाहेर पडल्याने बरं वाटतं, की बरं वाटतं म्हणून माणूस बाहेर पडतो, हे अशा पाहणीतून कसं कळणार? पूर्णपणे कळत नाहीच, आणि अभ्यासकांनी ते कबूलही केलं आहे. पण त्याच अभ्यासात दीर्घकालीन आजार किंवा अपंगत्व असलेल्या लोकांची वेगळी फोड केली, तेव्हा त्यांच्यातही तोच नमुना दिसला. सगळा परिणाम केवळ निरोगी लोकांच्या भटकण्याचा असता, तर आजाऱ्यांच्या गटात तो पुसट व्हायला हवा होता. एवढ्यावरून निसर्गाला औषध म्हणणं धाडसाचं ठरेल. कुठलाही पिंपळ विळ्यासारखी वाकलेली पेशी सरळ करत नाही. त्यासाठी हायड्रॉक्सियुरिया आहे, वेळेवरची लस आणि वेळेवरचं रक्त आहे. दावा इतकाच आहे की वेदना, एकटेपणा आणि खचलेलं मन घेऊन जगणाऱ्या माणसाला हिरवळीतला वेळ मदत करण्याची बरीच शक्यता आहे, खर्च फारसा नाही आणि धोका सांभाळता येण्याजोगा आहे. सार्वजनिक धोरण याहून कितीतरी लंगड्या पुराव्यावर ठरतं.

धोका सांभाळायचा म्हणजे काय, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण निसर्गाचा नेहमीचा सल्ला धडधाकट माणसाच्या मापाने बेतलेला असतो. मधुमेह्याला ‘सकाळी दवातल्या हिरवळीवर अनवाणी चाला’ असं हमखास सांगितलं जातं. ज्याच्या तळपायाची संवेदना गेली आहे त्याला गवतातला काटा किंवा काचेचा तुकडा लागल्याचं कळतही नाही, आणि त्या जखमेतून पुढे बोट कापण्याची वेळ येऊ शकते. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याला उन्हात इतरांपेक्षा लवकर पाणी कमी पडतं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची लक्षणं अंग तापलं की तात्पुरती वाढतात. विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० साली नोंदवलं होतं. एमई किंवा दीर्घकालीन थकव्याच्या विकारात तर श्रमाची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चुकवावी लागते. या रुग्णांना व्यायाम ठरावीक मापाने वाढवत नेण्याचा उपचार ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं दिला जात होता. ऑक्टोबर २०२१मध्ये तिथल्या नाइस या संस्थेने तो मार्गदर्शिकेतून काढून टाकला. ‘थोडं चाल, म्हणजे बरं वाटेल’ हे वाक्य म्हणूनच जपून वापरायला हवं. आजाऱ्याला बहुतेक वेळा चालायचं नसतं, पोहोचून बसायचं असतं. निसर्गात बसणं हाही निसर्गाचा पूर्ण वापर आहे, पण आपल्या बागा ते मानत नाहीत. त्यांचा कणा असतो वॉकिंग ट्रॅक.

नागपूरचा नकाशा समोर ठेवला तर पहिली अडचण लगेच दिसते. १८७०मध्ये बांधलेला अंबाझरी तलाव, फुटाळा, सेमिनरी हिल्स, जपानी गार्डन, सिव्हिल लाइन्समधली जुनी झाडं, वायव्येकडचं गोरेवाडा: शहराची हिरवळ पश्चिमेकडे झुकलेली आहे. इंदोरा, जरीपटका हा उत्तर भाग, महाल-इतवारीची दाट वस्ती, पूर्वेकडची नवी-जुनी ले-आउटं यांच्या वाट्याला लहान बागा, मोकळे भूखंड आणि नाईक तलाव, लेंडी तलाव यांसारखे अतिक्रमणाने आकसलेले तलाव आले. सिकलसेलची बरीच कुटुंबं राहतात ती उत्तर नागपुरात आणि गरीब वस्त्यांत. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने घरापासून सरळ रेषेत ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टरची हिरवी जागा असावी असं सुचवलं आहे. दमेकऱ्याचा किंवा खुब्याचं हाड झिजलेल्या तरुणाचा पल्ला लक्षात घेतला तर हे अंतर योगायोगाचं वाटत नाही. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मिचेल आणि पॉपहॅम यांनी इंग्लंडच्या आकडेवारीवरून दाखवलं होतं की हिरव्या भागांत गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरातली दरी तुलनेने कमी असते. म्हणजे हिरवळ जिथे कमी आहे, तिथेच तिची गरज मोठी. मेट्रोने थोडी सोय केली आहे, ॲक्वा मार्ग अंबाझरीजवळून जातो आणि स्थानकांत लिफ्ट आहेत. पण स्थानकात उतरून तलावाच्या काठावर सावलीत टेकेपर्यंतचं अंतर कुणाच्याच हिशेबात नसतं. आणि ज्याला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचं आहे, त्याला चौथा प्रवास बागेसाठी करायला लावणं म्हणजे थट्टाच.

आता जवळच्या बागेपर्यंत पोहोचलेल्या माणसाकडे पाहू. फाटकातून जनावरं आणि मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी पाइप वाकवून नागमोडी वाट केलेली असते. निरोगी माणूस तिथून तिरपा होऊन सटकतो. व्हीलचेअर अडकते, वॉकर अडकतो, प्राणवायूचं नळकांडं ढकलत नेणारा माणूस अडकतो. आत गेल्यावर सिमेंटचे बाक दिसतात, त्यावर देणगीदाराचं नाव ठळक. पाठ नाही, हात टेकायला दांडी नाही. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ऐन तरुणपणी झिजू शकतो. अशा माणसाला बसता येतं, पण धरायला काही नसेल तर उठता येत नाही. पाठीचा बाक सापडलाच तर तो ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर. तिथे पंचविशीतला पोरगा बसला की ‘तरुण माणसाने फिरावं’ हे ऐकावं लागतं, कारण त्याचा आजार बाहेरून दिसत नाही. पाण्याचं तर आणखी बारीक आहे. सिकलसेलच्या रुग्णाने दिवसभर भरपूर पाणी प्यायचं असतं. शिवाय या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची ताकद लवकर जाते, त्यामुळे त्याला वारंवार जावं लागतं. ज्या बागेत प्यायचा नळ नाही आणि संडासाला कुलूप आहे, ती बाग या माणसासाठी बंदच आहे, फाटक सताड उघडं असलं तरी.

आणि फाटक सताड उघडं नसतंच. महापालिकेच्या बागा बहुधा सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळांत चालतात, दुपार बंद. ही वेळ ठरली ती सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या सोयीने, चौकीदाराच्या पाळीने आणि कदाचित दुपारी झाडाखाली बसणाऱ्या जोडप्यांच्या धास्तीने. तिचा परिणाम डिसेंबरमध्ये पाहावा. पहाटेच्या ८-१० अंशांत सिकलसेलच्या किंवा दम्याच्या रुग्णाने बाहेर पडणं म्हणजे दुखण्याला आमंत्रण. त्याची योग्य वेळ सकाळी दहा-साडेदहापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत, अंगावर ऊन घेण्याची. या रुग्णांत ड जीवनसत्त्वाची कमतरताही सर्रास आढळते. नेमक्या त्याच तासांना बागेला कुलूप असतं. वर्षातले जे तीन-चार महिने नागपूरचं हवामान आजाऱ्याला खरोखर मानवतं, त्यातले सगळ्यात चांगले तास आपण कुलपात ठेवतो. यात पैशाचा प्रश्न जवळपास नाही. एका चौकीदाराच्या पाळीचा आहे.

उन्हाळ्याचं काय, हा आक्षेप इथे येणारच. एप्रिल ते जून नागपुरात निसर्ग म्हणजे धोका, मग हा सगळा खटाटोप नऊ महिन्यांसाठीच का? याचं अर्धं उत्तर नागपूरने स्वतःच दिलेलं आहे. अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला, पाठोपाठ नागपूरनेही केला, आणि उन्हात फिरावं लागणाऱ्यांना सावली मिळावी म्हणून उन्हाळ्यात दुपारी बागा उघड्या ठेवण्याचा उपाय त्यात आला. म्हणजे दुपारी बाग उघडणं प्रशासनाला अशक्य नाही. जे मे महिन्यात मजूर आणि फेरीवाल्यांसाठी मान्य झालं, ते जानेवारीत आजाऱ्यांसाठी मान्य करायला नवं तत्त्व शोधावं लागत नाही. बाकीचं अर्धं उत्तर घरात आहे. ऐन वैशाखात रुग्णाने बाहेर पडू नयेच. तेव्हा खिडकीतून दिसणारं झाड हाच त्याचा निसर्ग. उलरिच यांचा छोटा अभ्यास इथे कामी येतो, आणि रस्त्याकाठचं जुनं कडुनिंब रस्ता रुंद करताना तोडायचं की वाचवायचं हा प्रश्न आरोग्याचाही ठरतो. २०२१मध्ये अजनी वनातली झाडं वाचवण्यासाठी नागपूरकर उभे राहिले, तेव्हा पक्षी, प्राणवायू आणि तापमान यांची चर्चा भरपूर झाली. शेजारच्या वस्त्यांतल्या खाटेला खिळलेल्या माणसांचा मुद्दाही त्यात बसला असता.

निसर्ग सरसकट निरुपद्रवी असतो असंही मानू नये. सिकलसेलमध्ये पाणथरी लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे जंतुसंसर्ग जीवघेणा ठरू शकतो. साचलेल्या कारंज्यातले डास इतरांना त्रास देतात, याला दवाखान्यात पाठवतात. मोकळ्या भूखंडांवर माजलेलं गाजरगवत त्वचेला आणि श्वासाला दोन्हीकडून छळतं. शरदात सप्तपर्णी फुलली की तिच्या उग्र वासाबद्दल दमेकऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात. लवकर वाढते आणि गुरं खात नाहीत म्हणून शहरांनी ती रस्तोरस्ती लावली, तेव्हा हा विचार कुणी केला नव्हता. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं आहेत, तेव्हा हवा खराब असलेल्या दिवशी फुप्फुसाच्या रुग्णाने बागेतही जाऊ नये. पण या सगळ्यांतून निघतं ते एवढंच, की कोणतं झाड कुठे लावायचं आणि कोणतं पाणी साचू द्यायचं नाही हे ठरवताना आजाऱ्याला धरून विचार व्हावा. कडुनिंब आणि करंज यांना मे महिन्यात दाट पालवी असते; गुलमोहर तेव्हा फुललेला छान दिसतो, सावली मात्र बेताची देतो. बसायच्या जागेवर कोणतं झाड हवं हे यावरून कळावं.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा. जिथे औषध वेळेवर मिळत नाही, खाट मिळत नाही, तिथे बाकाची पाठ कसली मागता? पण या दोन मागण्या एकाच तिजोरीतून भागत नाहीत. बाग बांधली जातेच, तिच्यावर खर्च होतोच, दर काही वर्षांनी सुशोभीकरणाचा फलकही लागतोच. प्रश्न त्याच पैशात काय करायचं हा आहे. रंगीत दिव्यांची कमान आणि फायबरचे प्राणी यांऐवजी पाठीचे बाक, नळ आणि उघडा संडास मागणं ही चैन नव्हे. सुगम्यतेच्या नावाखाली सगळीकडे सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक येतील, ही निसर्गप्रेमींची भीती खरी आहे, कारण तसं घडताना दिसतं. तरी व्हीलचेअरला घट्ट दाबलेला सपाट मुरूमही चालतो. तिला अडवतात पायऱ्या, खड्डे आणि खडा चढ. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार, फाटकात जेमतेम मीटरभर सरळ वाट, दर पन्नासेक पावलांवर सावलीत बसायची सोय, यासाठी एकही झाड पाडावं लागत नाही.

विदर्भाला हा विचार परका नाही. नागपूरहून शंभरेक किलोमीटरवर, वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर खडकाळ जमिनीत आनंदवन उभं राहू लागलं. कुष्ठरोग बरा केला औषधांनी. जमिनीने रुग्णांना दुसरं काही दिलं, काम, उत्पन्न आणि उभं राहायला जागा. ही गोष्ट अभिमानाने सांगताना तिची दुसरी बाजू सहसा वगळली जाते. ती जमीन गावाबाहेर होती, कारण गावात या माणसांना जागा नव्हती. पाचगणीला १९१२ साली सुरू झालेल्या बेल-एअरसारख्या क्षयाच्या आरोग्यधामांतही शुद्ध हवेइतकंच अंतर महत्त्वाचं होतं. आजाऱ्याला निसर्ग द्यायचा म्हणजे त्याला लांब पाठवायचं, ही सवय आपल्याला तिथून लागली. आज कुणी सिकलसेलच्या मुलाला वस्तीबाहेर ठेवा म्हणत नाही. पण वस्तीतल्या बागेत त्याच्या वेळेला कुलूप असेल, तर परिणाम फार वेगळा होत नाही.

राहिला हक्काचा मुद्दा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस यांची नावं स्पष्टपणे आहेत. सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत विरंगुळा आणि करमणुकीच्या जागाही येतात. बाग म्हणजे इमारत नव्हे, असा फाटा कुणी फोडेल. पण फाटक, संडास आणि तिकीटघर ही बांधकामंच आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक वास्तू सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम १५ जून २०१७ रोजी आले, म्हणजे मुदत जून २०२२मध्ये संपली. आपल्या भागातल्या बागेचं फाटक हिवाळ्यात दुपारी उघडं हवं असेल, संडासाचं कुलूप निघायला हवं असेल, तर महापालिकेच्या उद्यान विभागाला अर्ज करा आणि त्यात हे कलम व ही तारीख दोन्ही लिहा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.